आधी तारखेचा निरोप, मग पायातला वाळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कैद्यांच्या पायात जीपीएसचा पट्टा बांधून त्यांना घरी सोडावं, म्हणजे तुरुंगातली गर्दी हटेल आणि सरकारचा पैसाही वाचेल, अशा आशयाचा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. मी कारागृह विभागात एकतीस वर्षं लिपिक होतो. त्यातली बावीस वर्षं न्यायिक विभागात गेली. नाव भारदस्त आहे, पण तिथं न्याय वगैरे काही होत नाही. कोर्टाकडून आलेली वॉरंटं, तारखा, जामिनाचे आणि सुटकेचे आदेश, माफीचे दिवस हे सगळं ज्या टेबलावर नोंदलं आणि मोजलं जातं, ते हे टेबल. त्या टेबलावर बसून जे दिसलं, ते लेखात कुठं नव्हतं. म्हणून हे पत्र.

त्या पट्ट्याला मी वाळा म्हणतो. आपल्याकडं रांगत्या पोराच्या पायात वाळा घालतात, म्हणजे ते उंबऱ्याकडं गेलं की चुलीकडं, हे आवाजावरून आईला कळतं. कल्पना तीच आहे, फक्त पोर मोठं आहे आणि आईच्या जागी पोलीस ठाणं आहे.

आधी एका माणसाची गोष्ट सांगतो. नाव बदललं आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा कारागृहात होतो. विहिरीवरची पाण्याची मोटर चोरल्याच्या गुन्ह्यात एक माणूस आला. ऊसतोड मजूर, वय तिशीच्या आत. जामीन लगेच झाला. पंधरा हजारांचा, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. आता जामीनदार म्हटला की त्याचा सातबारा हवा, तहसीलचा ऐपतीचा दाखला हवा, आणि मुख्य म्हणजे मोटर चोरणाऱ्यासाठी कोर्टात उभं राहायची त्याची तयारी हवी. याच्या भावकीत जमीन होती ती चौघांत मिळून दीड एकर. चार महिने तो तसाच आत. दर मंगळवारी बायको मुलाकातीला यायची. जाळीच्या पलीकडून ती विचारायची, ‘साहेब म्हणले का काय?’ आणि तो आमच्या खिडकीकडं बघायचा, जणू जामीन आमच्या ड्रॉवरमध्ये आहे.

शेवटी ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्या मुकादमानंच जामीनदार दिला. मुकादमाची त्यात काही दया नव्हती. दिवाळी उलटली होती, टोळी निघायची होती आणि याची नि बायकोची मिळून एका कोयत्याची, म्हणजे तोडणीच्या एका जोडीची, उचल त्यानं आगाऊ दिलेली होती. शुक्रवारी दुपारी सुटकेचा आदेश आला. मी तो वॉरंटशी ताडून बघितला. आदेशात नाव ‘पांडुरंग’, वॉरंटवर ‘पांडू’. बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, कलम बरोबर, पण गुन्हा क्रमांकातला एक आकडा उलटा लिहिलेला. मी लाल शाईनं शेरा मारला, ‘नाव व गु.र.नं. जुळत नाही, दुरुस्तीसाठी परत’, आणि आदेश कोर्टाकडं रवाना केला. शनिवार-रविवार सुट्टी. सोमवारी गुरुनानक जयंती. मंगळवारी साहेब रजेवर. बुधवारी दुरुस्ती झाली, पण कागद आमच्याकडं पोहोचला तेव्हा संध्याकाळची गिणती होऊन बरॅकी बंद झाल्या होत्या. गुरुवारी सकाळी त्याला बाहेर काढला. फाटकावर अंगठा देताना म्हणाला, ‘टोळी मंगळवारीच गेली, साहेब.’

मुकादमानं दुसरा कोयता भरला होता. घेतलेली उचल मात्र याच्याच डोक्यावर राहिली.

मी नियमानंच वागलो होतो, आणि हे अजूनही खात्रीनं सांगतो. सारख्या नावाचा भलताच माणूस सुटला तर लिपिकाची चौकशी लागते, नोकरी जाते. बरोबर माणूस सहा दिवस जास्त आत राहिला तर कुणालाच काही विचारत नाहीत. तरी ओळखखुणा माझ्यासमोर होत्या, उजव्या भुवईवर जुनी खोक, डाव्या हाताच्या करंगळीचं पेर तुटलेलं. दोन पावलं बरॅकीत जाऊन बघितलं असतं आणि कोर्टाच्या शिरस्तेदाराला एक फोन केला असता तर शुक्रवारीच काम झालं असतं. मी फोन केला नाही. शुक्रवार होता, मला गावी जायची एसटी धरायची होती.

आता मला सांगा, त्या माणसाच्या बाबतीत वाळा कुठं बसतो? तो पळून जाईल ही भीती कुणालाच नव्हती. कोर्टालाही नव्हती, म्हणून तर जामीन दिला. अडलं ते जामीनदारापाशी, मग स्पेलिंगपाशी, मग सुट्टीपाशी.

आकड्यांत बघायचं तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल आहे. त्या वर्षाअखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि जागा ४,३६,२६६. यातले कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे असे, ४,३४,३०२. जुनी सवय म्हणून मी वजाबाकी केली. उरतात १,९६४ जागा. म्हणजे अख्ख्या देशातला तुरुंग कच्च्यांनीच भरला, आणि शिक्षा झालेल्या सव्वा लाखावर पक्क्यांना त्या दोन हजारांच्या आतल्या जागांत उभं करायचं. गर्दी कुणाची आहे ते यातून कळतं. ही गर्दी वाळ्यानं हटणार असेल तर तो कच्च्यांनाच घालावा लागेल, आणि कच्चा म्हणजे कायद्यानं अजून निर्दोष माणूस.

वाळ्याचा इतिहास माझ्या पुतणीनं मला वाचून दाखवला. ती पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे आणि मी काही बोललो की आधी ते खरं आहे का हे तपासते. १९६० च्या दशकात अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात श्वित्झगेबेल आडनावाच्या दोन जुळ्या भावांनी जुन्या लष्करी रेडिओच्या सामानातून अंगावर बाळगायचं एक यंत्र तयार केलं. वाया गेलेली म्हणवणारी पोरं वेळेवर कामाला पोहोचली, सांगितलेल्या जागी गेली, की त्यांना शाबासकी द्यायची, बक्षीस द्यायचं, असा त्यांचा बेत होता. यंत्र चुका पकडण्यासाठी नव्हतं. कुणी उचलून धरलं नाही. पुढं १९८३ साली न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कच्या जॅक लव्ह नावाच्या न्यायाधीशांनी पहिल्यांदा माणसांच्या घोट्याला असं यंत्र बांधायला लावलं. त्यांना ते सुचलं म्हणे स्पायडरमॅनच्या एका चित्रकथेवरून. तेव्हापासून शाबासकीचा भाग गळून पडला आणि बेडीचा तेवढा राहिला. आज अमेरिकेत काही ठिकाणी त्या बेडीचं भाडं बांधून घेणाऱ्याकडूनच वसूल करतात. हे ऐकून मला आमच्याकडची जुनी म्हण आठवली, पण ती छापण्याजोगी नाही.

आपल्याकडं नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मू-काश्मीर पोलिसांनी जामिनावरच्या एका आरोपीच्या पायात असा पट्टा बांधला. देशातला तो पहिला. त्याच वर्षी केंद्रानं राज्यांसाठी आदर्श कारागृह कायद्याचा मसुदा पाठवला. त्यात रजेवर जाणाऱ्या कैद्यानं पट्टा बांधून घ्यायची तयारी दाखवली तर रजा द्यावी, आणि अट मोडली तर रजा रद्द, असं कलम आहे. रजेपुरतं मला ते पटतं, का ते पुढं लिहितो. पण जामिनाचं वेगळं आहे. ८ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या पीठानं एका नायजेरियन आरोपीच्या प्रकरणात सांगितलं की जामिनावरच्या माणसानं आपल्या मोबाईलवरून गूगल नकाशात पिन टाकून पोलिसांना ठावठिकाणा दाखवत राहावा, ही अट चालणार नाही. जामिनावरच्या माणसाच्या खासगी आयुष्यात पोलिसांना सतत डोकावता येणार नाही, असा त्याचा अर्थ. गंमत म्हणजे त्या पिनमधून माणूस कुठं फिरतोय हे कळतच नाही, असं खुद्द गूगलनंच कोर्टाला लिहून दिलं होतं. तरी खालच्या पातळीवर अशी अट घातली जात होती. यंत्र काय करतं हे न बघता यंत्रावर भरवसा टाकायची आपली सवय जुनीच.

आणि हा वाळा बांधणार कुणाला? मी आता कराडला राहतो. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत कृष्णाकाठी टोळ्यांची पालं पडतात. पालावर वीज नसते. मोबाईल चार्ज करायचा तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, नाही तर गावातल्या टपरीवर दहा रुपये देऊन. जीपीएसचा पट्टा जवळजवळ रोज चार्जिंगला लावावा लागतो, आणि तो पायात असतानाच लावावा लागतो, म्हणजे माणसानं तासभर सॉकेटशेजारी पाय लांब करून बसायचं. पहाटे चारला फडात उतरणारा माणूस टपरीवाल्याच्या बाकावर पाय टाकून बसलेला डोळ्यांसमोर आणून बघा. वर कोयनेच्या खोऱ्यात गेलात तर फोनला रेंज मिळवायला खडकावर चढावं लागतं. बॅटरी उतरली किंवा रेंज गेली की ठाण्यातला पडदा दाखवणार, आरोपी बेपत्ता. मग ठाण्यातून जीप निघणार.

माझ्याकडं याला एक स्वस्तातला पर्याय आहे आणि तो मी स्वतः चालवतो. निवृत्तीनंतर मी गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीत विधी स्वयंसेवक म्हणून नाव घातलं. तिथं लक्षात आलं, की जामिनावर सुटलेला माणूस परत आत येतो तो बहुतेक वेळा नवा गुन्हा करून नव्हे, तारीख चुकवून येतो. तारीख चुकली की आधी जामीनपात्र वॉरंट, मग बिगरजामिनी, मग एक दिवस पोलीस येऊन उचलून नेतात. आणि तारीख का चुकते? फरार व्हायचं असतं म्हणून चुकवणारा हजारात एखादा असेल. बाकीच्यांना तारीख ठाऊकच नसते. कोर्टात पुकारा झाला, दोन मिनिटांत पुढची तारीख पडली, वकिलांच्या डायरीत गेली. वकील म्हणतात, ‘फोन करतो.’ फोन लागत नाही.

फोन का लागत नाही हे मला फार उशिरा कळलं. माणूस आत आला की त्याचा मोबाईल एक तर पोलिसांच्या मुद्देमालात जातो, नाही तर आमच्याकडं जमा सामानात. नव्वद दिवस सिम वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते, आणि नंबर पुढं दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. चार महिन्यांनी माणूस बाहेर येतो तेव्हा त्याचा नंबर लातूरच्या एखाद्या कॉलेजकुमाराकडं असतो. आधार त्याच नंबरला, बँक त्याच नंबरला, रेशनही त्यालाच. कोर्टाच्या संगणकावरून तारखेचा एसएमएस जायची सोय आहे, ती चांगलीच आहे, पण ज्याला तारीख कळायला हवी त्याचा नंबर तिथं नसतो. असला तर मेलेला असतो.

म्हणून मी वही केली. शंभर पानी, चौकटीची. डावीकडं नाव, मग खटल्याचा नंबर, मग माणसाचा नवा नंबर, त्याच्या बायकोचा नंबर, मुकादमाचा नंबर, गावातल्या किराणा दुकानदाराचा नंबर. आज वहीत चाळीसेक नावं आहेत. तारखेच्या तीन दिवस आधी एक फोन आणि आदल्या संध्याकाळी एक. पहिला फोन महत्त्वाचा, कारण त्यात माणूस सांगतो, ‘अण्णा, आम्ही कर्नाटकात हाय, कारखान्यावर.’ मग वकिलांना सांगून हजेरीमाफीचा अर्ज टाकता येतो. आदल्या संध्याकाळी सांगून उपयोग नाही, तेव्हा फक्त शिव्या ऐकायला मिळतात. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारच्या माणसाला कराडच्या कोर्टात यायचं म्हणजे दोन दिवस आणि हजारभर रुपये जातात. त्या दोन दिवसांचा खाडा मुकादम कापतो तो वेगळा. इतकं करून आला आणि साहेब रजेवर असले की मीच तोंड लपवतो.

पुतणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, काका, यावर मोठा अभ्यास झालाय. न्यूयॉर्क शहरात किरकोळ गुन्ह्यांसाठी समन्सचा कागद देऊन सोडलेले लोक तारखेला येत नसत. संशोधकांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे समन्सचा कागदच नव्यानं आखला. तारीख, वेळ, जागा वर, ठळक. नाही आलात तर वॉरंट निघेल हे स्पष्ट शब्दांत. आधीच्या कागदावर गुन्ह्याचं वर्णन वर आणि तारीख कुठंतरी कोपऱ्यात होती. एवढ्या बदलानं गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली. दुसरं म्हणजे तारखेआधी मोबाईलवर साधे मेसेज पाठवले, त्यानं २१ टक्क्यांनी. हा अभ्यास २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. न्यूयॉर्कचे ते गुन्हे आणि आपले गुन्हे सारखे नाहीत, तिथले लोक मेसेज वाचू शकतात, आपल्याकडं अनेकांना वाचून दाखवावा लागतो, हे मला मान्य. म्हणून तर मी फोन करतो. पण कागदाची गोष्ट मला फार लागली. आमच्याकडं सुटकेच्या वेळी माणसाच्या हातात काय देतात माहीत आहे? कपडे, पाकीट, कमरेचा पट्टा. पुढची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी, नाही. बावीस वर्षांत मला सुचलं नाही. तारीख वॉरंटच्या मागच्या बाजूला असायची, आणि वॉरंट माझ्या कपाटात.

तंत्रज्ञानाच्या मी विरोधात आहे असं कृपया समजू नये. मी हातानं रजिस्टर लिहिण्यात आयुष्य घालवलंय, त्यामुळं संगणकाची किंमत मला तरण्या पोरांपेक्षा जास्त कळते. एक काळ होता, सुटकेचा आदेश तुरुंगाच्या दाराबाहेरच्या जामीन पेटीत पडायचा, आणि पेटी ठरलेल्या वेळीच उघडायची. ऑक्टोबर २०२१ मध्ये आर्थर रोडच्या त्या पेटीची अख्ख्या देशाला ओळख झाली, कारण त्या वेळी कागदाची वाट बघणारा एका मोठ्या नटाचा मुलगा होता. आदेश संध्याकाळी वेळेत पोहोचला नाही म्हणून तो एक रात्र जास्त आत राहिला आणि दूरचित्रवाणीवाले दारात उभे राहिले. ती एक रात्र सगळ्यांना दिसली. त्या पेटीपायी इतरांच्या किती रात्री गेल्या ते पेटीलाच माहीत. त्याआधी जुलैमध्येच सरन्यायाधीश रमणा यांनी भर कोर्टात कबुतरांचा दाखला दिला होता, की आदेश पोहोचवायला आपण अजून आभाळाकडं बघतोय. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ‘फास्टर’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली, आदेश सही-शिक्क्यासकट थेट तुरुंगात. उत्तम काम आहे. तालुक्याच्या कोर्टापासून जिल्हा कारागृहापर्यंत ते तितक्याच वेगानं उतरावं एवढीच इच्छा.

३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तर माझ्या मते सगळ्या वाळ्यांपेक्षा मोलाचा आहे. जामीन झाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आदेशाची प्रत ईमेलनं तुरुंगात, आणि अधीक्षकामार्फत कैद्याच्या हातात. ई-प्रिझन्स या तुरुंगांच्या संगणक प्रणालीत जामिनाची तारीख नोंदवायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करू शकतं. आणि स्थानिकच जामीनदार हवा हा हट्ट नको. माझा पांडू आज आत असता तर आठव्या दिवशी त्याचं नाव पडद्यावर आलं असतं. चार महिने वाचले असते. शिवाय गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, तिच्या सुरुवातीच्या नियमांतही कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदतीची सोय होती. पंधरा हजार त्यात बसतात.

पण पुढचे सहा दिवस? ते कुठल्याच पडद्यावर आले नसते. कारण आदेश आलेला, नोंदलेला, आणि ‘दुरुस्तीसाठी परत’ गेलेला. संगणकाच्या लेखी काम चालू. म्हणून माझी मागणी अगदी कारकुनी आहे. ई-प्रिझन्समध्ये एक रकाना वाढवा, ‘आदेश परत पाठवला, कारण काय, कुणी, किती वाजता’. चोवीस तासांत उत्तर आलं नाही की तो रकाना लाल व्हावा आणि न्यायाधीश व अधीक्षक दोघांच्याही फोनवर वाजावा. आणि पोलिसांचा रिमांड, कोर्टाचा आदेश आणि तुरुंगाचं रजिस्टर, तिन्हीकडं माणसाला एकच क्रमांक असावा, म्हणजे पांडू आणि पांडुरंग यांत भांडण होणार नाही. वाजायचंच असेल तर असं वाजू दे की, कैद्याच्या पायात कशाला?

फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याचं कलम ४७९ आहे. आधी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्यानं शिक्षेच्या कमाल मुदतीचा एक तृतीयांश भाग आत काढला की, आणि इतरांनी निम्मा काढला की, अधीक्षकानं त्याच्या जामिनासाठी कोर्टाकडं लेखी अर्ज करायचा असतो. करू शकतो असं नाही, करायचाच. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते जुन्या खटल्यांनाही लावलं. हा हिशेब यंत्र चुटकीसरशी करेल. आम्ही बोटांवर करायचो, लीप वर्षासकट. पण एकाहून जास्त गुन्हे नावावर असले की हे कलम लागत नाही, आणि गरिबाच्या नावावर एका रात्रीत तीन गुन्हे कसे लागतात हे ज्यांनी रिमांडचे कागद वाचलेत त्यांना सांगायला नको. यंत्र तिथं गप्प बसणार.

जाता जाता रकान्यांबद्दल एक. रजिस्टर संगणकावर चढवताना जुने रकाने जसेच्या तसे चढतात, ते का होते हे कुणी विचारत नाही. तुरुंगातल्या रजिस्टरांतला जातीचा रकाना काढून टाका, हे सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ ला सांगावं लागलं, ते एका पत्रकार बाईंनी याचिका केली म्हणून. मी तो रकाना हजारो वेळा भरला आहे. कुणी ‘माहीत नाही’ म्हणालं तर दटावून विचारला आहे.

व्हीसीबद्दलही, म्हणजे तुरुंगातूनच पडद्यावर होणाऱ्या कोर्टाच्या हजेरीबद्दलही, बोललं पाहिजे, कारण तिचं सगळे कौतुक करतात. कैद्यांना कोर्टात नेणाऱ्या कैदी पार्टीला पोलीस मिळत नाहीत म्हणून तारखा बुडायच्या, त्या आता व्हीसीवर होतात. हे खरं, आणि चांगलंही. पण कैद्याला विचारलं तर तो तोंड वाकडं करतो. तो तारखेला जायचा ते न्यायाधीशांसाठी थोडाच? कोर्टाच्या व्हरांड्यात म्हातारी भेटायची, पोरगं कडेवर घेता यायचं, वकिलाच्या कानात दोन शब्द सांगता यायचे, हवालदार चांगला असला तर वडापाव. आता एका खोलीत बाकावर बसायचं, पडद्यावर एक खुर्ची दिसते, नंबर पुकारतात, ‘पुढची तारीख’, उठा. त्या वडापावाची भरपाई म्हणून तरी मुलाकातीचे फोन वाढवायला हवेत. येरवड्यात स्मार्ट कार्डावर घरी फोन करता येतो, ही माझ्या हयातीत तुरुंगात आलेल्या सगळ्यात शहाण्या यंत्रांपैकी एक आहे. घरचा आवाज ऐकलेला कैदी त्या रात्री भांडत नाही. हे कुठल्याही वॉर्डरला विचारा.

मग वाळा कुणाला? माझं मत असं. संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) मागणाऱ्या लांब मुदतीच्या पक्क्या कैद्याला, ज्याची रजा पोलिसांच्या ‘प्रतिकूल अहवाला’वर वर्षानुवर्षं अडते. त्याला विचारा, वाळा घालून पोरीच्या लग्नाला जातोस का? तो हो म्हणेल, आणि त्याच्या बाबतीत वाळ्यानं खरंच एक दार उघडेल. ज्याला आपण एरवीही सोडणारच होतो त्याला वाळा घालणं म्हणजे उघड्या दाराला कुलूप. आणि भाडं सरकारचं. पैसे कैद्याकडून घेणार असाल तर पत्राचा हा परिच्छेद मागं घेतला असं समजावं.

माणसावर बाहेरून लक्ष ठेवणारी माणसं आपल्याकडं कायद्यानं १९५८ पासून आहेत, परिवीक्षा अधिकारी. गुन्हेगाराला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचं आणि या अधिकाऱ्यानं त्याच्याकडं जाऊन-येऊन राहायचं, अशी ती योजना. मी ज्यांना ओळखतो ते मोटरसायकलवर फिरतात, पेट्रोलची बिलं थकलेली असतात, आणि त्यांच्यावर बालकांच्या केसेसचाही भार असतो. १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षा आली. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी, माल परत केला, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. फार चांगलं. पण शाळेचं अंगण झाडलं का नाही यावर सही कोण करणार, मुख्याध्यापक का ठाणे अंमलदार, यावर आमच्या समितीत अर्धा तास वाद झाला आणि चहा आला. वाळ्यांच्या खरेदीचा पैसा असेल तर त्यातून आधी ही माणसं भरावीत. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगात सामाजिक कार्यकर्ते बसवतो. घरी निरोप देणं, जामीनदार शोधणं, सुटल्यावर काम मिळवून देणं, असली कामं. संशोधन कुणाला करायचं असेल तर तिथल्या कपाटांत पस्तीस वर्षांचं शहाणपण आहे, ते आधी वाचावं.

पत्र लांबलं. जागेअभावी कापायचं झालं तर अमेरिकेचं कापा, पांडूचं कापू नका. एकच विनंती, माझं नाव छापू नये. निवृत्तिवेतनाची एक फाईल अजून अडकली आहे, आणि तीसुद्धा आद्याक्षराच्या चुकीमुळं.

उद्या बुधवार. वहीत पाच तारखा आहेत, त्यातल्या दोन टोळीवाल्यांच्या. आत्ता साडेसात झालेत, फडातून पालावर परत आल्यावर याच वेळेला त्यांचे फोन लागतात, म्हणून इथं थांबतो.

आपला,
एक निवृत्त लिपिक, कारागृह विभाग
कराड